हात आणायचे राहिले

कुंदा, तुझी शोकसभा भयंकर झाली.

नास गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये, रविवारी. अकराची वेळ दिली होती, सुरू पावणेबाराला झाली. पडद्यावर तुझा तो ओमानचा फोटो: मागे वाळूचा डोंगर, त्याच्यामागे समुद्र, आणि जीपच्या बॉनेटवर बसलेली तू. फोटोखाली कुणीतरी सोनेरी अक्षरांत 'अज्ञात वाटांची यात्रिक' असं टाकलं होतं. तू मागच्या रांगेत असतीस तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली असतीस, काहून, मी काय हरवली होती का?

एकामागून एक लोक बोलायला उठले. तू लढलीस म्हणे. तू मृत्यूला हसत सामोरी गेलीस म्हणे. तू हसत नव्हतीस, तुला मळमळत होतं. एका गृहस्थांनी त्या किनाऱ्याचं वर्णन केलं. निर्मनुष्य, अस्पर्श, जिथे अजून माणसाचं पाऊल पडलेलं नाही असा. ते कधी तिथे गेले नव्हते. मी गेले होते, आणि मला खुर्चीत बसल्या बसल्या तो वास आला. समोर समोसे मांडून ठेवले होते. शोकसभेत समोसे.

मग माझं नाव आलं. विद्याताईंनी कुंदाताईंसाठी किती केलं. अकरा घरांची पाळी लावली, डबे पोचवले, हॉस्पिटलच्या फेऱ्या ठरवल्या, एक दिवस चुकू दिला नाही. सख्खी बहीण करणार नाही इतकं केलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले, हात जोडले, खाली बसले. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. त्या दिवशी सगळ्यांत जास्त शिसारी मला त्या जोडलेल्या हातांची आली.

म्हणून हे लिहिते आहे. शेवटच्या दोन महिन्यांत तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस, आणि मी ती केली नाही. हॉलमधल्या कुणाला हे माहीत नाही. तुझ्या आईला माहीत आहे.

तुझी माझी गट्टी जमलीच कशी, हे मला अजून उलगडलेलं नाही. नागपूरहून नवऱ्यामागे इथे आलेली तू जनावरांची डॉक्टर, आणि इथे तुझं सर्टिफिकेट चालत नाही म्हणून नासबाहेरच्या घोड्यांच्या फार्मवर लीद उपसायचीस. मंदी आली, लोकांनी पोसवत नाहीत म्हणून घोडे माळावर सोडून दिले, तेव्हा तू सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांच्या जखमा धुवायचीस आणि तिथून सरळ माझ्या घरी चहाला यायचीस. माझा डब्यांचा व्यवसाय. माझ्या ओट्यावर डाग नसतो, सुऱ्या मापाप्रमाणे लावलेल्या असतात, आणि किचनच्या प्रेसच्या दारावर (कपाटाला आता आपण सगळ्या प्रेसच म्हणतो) आठवड्याच्या याद्या असतात. तुझे बूट मी दारातच पिशवीत घालायला लावायची. तू हात कोपरापर्यंत धुतलेस की नाही, हे मी बघायची. तू म्हणायचीस, "विद्याबाई, माझ्यापेक्षा घोड्यांना मान आहे. त्यांना कोणी धुवायला लावत नाही."

ओमानचं खूळ तुझंच. तुझा भाऊ बंडू मस्कतला. त्याच्याकडे जीप, त्याच्याकडे इंजिन लावायची रबरी होडी. दक्षिणेकडचा वाळवंटी किनारा, जिथे शेकडो मैल गाव नाही. जीपने वाळूवरून जायचं, आणि जिथे कडा आडवा येऊन जीप थांबते तिथून होडीने पुढच्या खाडीत शिरायचं. तू माझ्या ओट्यावर नकाशा पसरलास आणि त्यावर बोट फिरवत म्हणालीस, इथे कोणी नाही. मला ते पटलं. सत्तर डबे भरणाऱ्या बाईला 'इथे कोणी नाही' हे शब्द किती गोड लागतात, ते तुला बरोबर ठाऊक होतं.

सराव मेयोला केला. कासलबारच्याही पुढे, समुद्राकाठी, भाड्याची जीप आणि तू कुणाकडून तरी उचललेली जुनी होडी घेऊन. वाळूत चालवायचं तर टायरमधली हवा निम्मी सोडायची, आणि परत रस्त्याला लागताना पंपाने भरायची. निघताना मी यादी वाचत होते. पंप, म्हटलं. तू लांबूनच निळ्या पिशवीकडे बघून 'आहे' म्हणालीस. किनाऱ्यावर पिशवी उघडली तर आत तंबूच्या खुंट्या. चारही टायर बसलेले, पाऊस आडवा, भरती चढत चाललेली. शेवटी एक आयरिश शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने आपल्या दोघींकडे बघितलं, टायरकडे बघितलं, आणि "यू आर ग्रँड, लेडीज" एवढंच म्हणून दोर बांधला. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. तू वाटभर त्याची नक्कल करत होतीस.

त्या दिवशी नियम ठरला. एकीने वाचायचं, दुसरीने वस्तूला हात लावायचा आणि मगच 'आहे' म्हणायचं. नुसतं बघून 'आहे' म्हणायचं नाही. पुढे सगळ्या याद्या आपण अशाच केल्या. मस्कतला बंडूच्या गॅरेजमध्ये दोन तास. पाण्याचे कॅन, आहे. फावडं, आहे. चाकांखाली घालायच्या पट्ट्या, आहे. वल्ही, लाइफ जॅकेट, दोर, चाकू. बंडू दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, ताई, आमच्याकडे देवघरात इतका वेळ लागत नाही.

पहिले दोन दिवस खरंच सुंदर होते, ते नाकारत नाही. तो फोटो त्यातलाच.

तिसऱ्या दिवशी कडा आडवा आला. बंडू जीपपाशी थांबला. आपण होडीने वळसा घालून पलीकडच्या खाडीत जायचं आणि चारच्या आत परतायचं, नाहीतर तो वीस मैलांवरच्या कोळ्यांच्या वस्तीवर मदत आणायला निघणार, असं ठरलं. हे मी कागदावर लिहून त्याच्या खिशात घातलं होतं. आपण कडा ओलांडला आणि ती खाडी दिसली. नकाशावरची 'इथे कोणी नाही' वाली. माणूस एक नव्हता. बाकी माणसाचं सगळं होतं. बाटल्या, चपला, डबडी, ट्यूबलाइट, जहाजांवरून फेकलेल्या दोरांचे ढीग. कल्ले कापून टाकून दिलेले मासे, उन्हात फुगलेले. पाय टाकला की काहीतरी फुटायचं. मी म्हटलं, सहा महिने याद्या केल्या त्या कचराकुंडी बघायला? तू म्हणालीस, कचरा आहे, तसा किनारा पण आहे. असलं काहीतरी बोलायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही.

आणि मग ते कासव. दोरांच्या ढिगात अडकलेलं, टेबलाएवढं, जिवंत. पुढच्या एका पायाला हिरवी नायलॉनची जाळी इतकी आवळलेली की मांस दोन्ही बाजूंनी वर आलेलं. त्यात अळ्या. वास मी सांगत नाही. तू गुडघ्यावर बसलीस आणि मागे न बघता हात पुढे केलास. मी चाकू दिला. मग तू म्हणालीस, "याचा पाय धर. घट्ट धर, ते झटके देईल."

मी धरला नाही. मी खडकापाशी जाऊन ओकले, मग होडीपाशी गेले आणि घड्याळ बघत उभी राहिले. अडीच. पावणेतीन. तू कासवाच्या पाठीवर गुडघा रोवून एका हाताने पाय धरत होतीस, दुसऱ्याने एक एक दोरा कापत होतीस. ते तुला फटके मारत होतं. सव्वातीनला मी ओरडून वेळ सांगितली. तू पुढचा दोरा कापलास. पावणेचारला तू त्याला ढकलत पाण्यात नेलंस. ते गेलं. जगलं की नाही माहीत नाही, आणि तूही कधी तसा दावा केला नाहीस.

होडीत बसताना तू आधाराला माझा खांदा धरायला गेलीस. मी म्हटलं, "मला हात लावू नकोस."

तू हात मागे घेतलास. समुद्रात धुतलास, हुंगलास, आणि हसलीस. "चाकू आणला, दोर आणला, पट्टी पण आणली होती तू. हात आणायचे राहिले."

आपण साडेचारला परतलो, तेव्हा बंडू निघून गेला होता. मीच लिहून दिल्याप्रमाणे. दोन तास आपण त्या कड्याखाली बसलो आणि त्या दोन तासांत आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणत होते की वेळ पाळली असती तर ही पाळी आली नसती. तू म्हणत होतीस की दोघींनी धरलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. कुंदा, तुझं बरोबर होतं. अर्ध्या तासाचंच होतं. मी तेव्हाही हिशेब केला होता, बोलले नाही.

इथे परत आल्यावर तू त्याची चेष्टा करून टाकलीस. दिवाळीच्या फराळाची यादी प्रेसवर लावली, की संध्याकाळपर्यंत तिच्या तळाशी तुझ्या वाकड्या अक्षरात एक शब्द वाढलेला असायचा. बेसन, साजूक तूप, वेलची, हात. गणपतीची यादी: दूर्वा मिळतील का, मोदकपात्र, हात. मी खोडायची. तू परत लिहायचीस. मी रागावते म्हणून तुला मजा यायची, आणि मला वाटायचं की हा वाद असाच म्हातारपणापर्यंत चालेल.

मग तुझी गाठ. मग ऑपरेशन, मग ती परत आली आणि त्वचेतून बाहेर फुटली. तू मला फोनवर जसं सांगितलंस, तसंच लिहिते: "जखम झाली आहे, वाहते, वास येतो. जनावराला झाली असती तर मी स्वतः साफ केली असती." मी लगेच याद्यांचं पॅड काढलं. अकरा घरं, सात वार, सकाळ-संध्याकाळ. कोण डबा, कोण औषधं, कोण तुझ्या प्रकाशरावांना सँट्रीच्या ऑफिसातून सुट्टी नसेल त्या दिवशी गाडी. मी या कामात हुशार आहे. पंधरा मिनिटांत सगळं लावून दिलं. तुझी आई नागपूरहून आली, तिच्या विमानतळाच्या फेरीसकट.

मी रोज यायची. दाराच्या चौकटीत उभी राहायची, हातात पॅड. काय हवं, काय संपलं, उद्या कोण. तू पलंगावर, खिडकी उघडी, खोलीत अगरबत्ती, आणि अगरबत्तीच्या खालून तो वास. मी उंबरा ओलांडला नाही. एकदाही नाही. तुला दिसत होतं ते. तुला माझी चौकट दिसत होती.

एका मंगळवारी तू आईला बाहेर पॅसेजमध्ये पाठवलंस आणि म्हणालीस, "विद्या, ड्रेसिंग एकदा तू कर ना. नर्सला घाई असते. आईचे हात थरथरतात, ती रडते. तुझा हात स्थिर आहे."

मी म्हटलं, "उद्या करते."

दुसऱ्या दिवशी मी डब्यात तुझ्या आवडीचं वरणफळ आणलं. तू परत विचारलं नाहीस. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तो 'उद्या' कुठल्याच यादीत लिहिला नाही. आयुष्यात मी दूधवाल्याची सुट्टीसुद्धा लिहून ठेवली आहे, पण हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर रोज दिसलं असतं. तुझ्या आईनेच केलं, थरथरत्या हातांनी, शेवटपर्यंत. मी चौकटीत उभी राहून कापसाची पाकिटं मोजत होते.

तू गेल्यावर इथल्या रिवाजाप्रमाणे तुला फ्युनरल होममध्ये ठेवलं. साडी कुणी नेसवायची, असा प्रश्न आला. बायकांच्या चेहऱ्यांवर मला माझाच चेहरा दिसला, एकीचा डोळा दुसरीवर. तुझी आई म्हणाली, "तूच नेसव वो बाई. मले आता नाही होत." मी पॅड घेऊन बसले. साडी, परकर, ब्लाउज मागून उसवून, पिना, कुंकू, बांगड्या. लिहिता लिहिता पानाच्या तळाशी आले, आणि तिथे आधीच लिहिलेलं होतं. हात.

मी पान उलटलं. पुढच्या कोऱ्या पानावर तळाशी, हात. त्याच्या पुढच्याही. अखेरपर्यंत. पॅड मी तू जायच्या आदल्या दिवशी तुझ्या खोलीबाहेर विसरून गेले होते, तेव्हा तू ते आत मागवून घेतलं असणार. अक्षर आणखी वाकडं झालं होतं, शेवटच्या पानांवर तर नुसती रेघ. चाळीस-पन्नास पानं. तुला धड बसवत नव्हतं, आणि तू हे उद्योग करत होतीस.

मी गेले. तिथली बाई मला हातमोजे देत होती, मी घेतले नाहीत. तुला साडी नेसवली, निऱ्या पिनांनी बसवल्या, कुंकू लावलं. प्रत्येक वस्तूला हात लावून मोठ्याने 'आहे' म्हटलं. ती बाई बिचारी बाजूला उभी राहून ऐकत होती, तिला वाटलं असेल मंत्र आहेत. पण माझं मला माहीत होतं. त्या लोकांनी तुला धुऊन, पुसून, झाकून ठेवलं होतं. वास होता तो त्यांच्या औषधाचा. किळस यावी असं तिथे काहीच उरलं नव्हतं. मी हात आणले, पण ते कधी आणले. सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण केली. शेवटच्या ओळीपुढे करवली नाही.

आणि याच हातांसाठी रविवारी टाळ्या वाजल्या.

आता काल काय झालं ते सांगते. आई शनिवारी नागपूरला निघते आहे. मी तिच्या सामानाची यादी घेऊन गेले. पासपोर्ट, गोळ्या, मोजे, विमानात गार लागतं म्हणून शाल. मी वाचत होते, ती हात लावून 'हाय, हाय' म्हणत होती. मोजे म्हटल्यावर ती थांबली. मोजे जात नाहीत, म्हणाली, नखं लागतात. तिने पाय पुढे केला.

आई आल्यावर हिंडतीफिरती होतीस तोवर तू दर रविवारी तिची नखं कापायचीस, ते मला माहीत होतं. घोड्याचे खूर करते मी, आईची नखं काय, असं म्हणायचीस. तू अंथरुणाला खिळल्यापासून कुणी कापलेली नव्हती. कुंदा, ती नखं पिवळी, शिंगासारखी जाड, कडेने वळून मांसात शिरलेली. दोन बोटांच्या मध्ये काळं साचलेलं. मला डब्यातल्या भातात केस निघाला तरी दोन दिवस भात जात नाही, हे तू जाणतेस. तोंडात शब्द तयार होता. उद्या पार्लरवालीला पाठवते, मंगळवारच्या पाळीत बसेल.

यादीच्या तळाशी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

घमेल्यात गरम पाणी घेतलं, मीठ टाकलं, तिचे पाय त्यात ठेवले. वीस मिनिटांनी जमिनीवर बसून एकेक करून पाय मांडीवर घेतला. घाण वाटली. मला वाटत होतं की एकदा हात लावला की ते जाईल, तसं काही होत नाही. पहिल्या नखापासून दहाव्यापर्यंत वाटतच राहिली, मध्ये एकदा मान वळवून श्वास घेतला. तुझी कातर बोथट आहे, नवीन आणायला हवी. नखांमधलं सगळं काढलं, बोटांच्या मध्ये पुसलं, खोबरेल लावलं. डाव्या अंगठ्याला थोडं लागलं, रक्त आलं. मी घाबरून वर बघितलं.

आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "कुंदी बराबर कापे."

मग तिने दुसरा पायही उचलून माझ्या मांडीवर ठेवला, आणि मोजा पुढे केला.